रायगडावर आधी पाणी अडवा, महालाचं नंतर बघू

गेल्या मंगळवारी गडावर जाऊन आलो. हे वाक्य वाचून महाडकर हसतील. कारण आपण काय करतो? पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून हिरकणीवाडीला नेतो, रोपवेची तिकिटं काढून देतो आणि स्वतः खाली चहा पीत बसतो. "आमचं काय, आम्ही नेहमीचेच." खरं तर नेहमीचे आपण अजिबात नसतो. मी स्वतः गेल्या दहा वर्षांत गडावर गेलो तो बहुतेक वेळा सहा जूनला, गळ्यात पास अडकवून, कुठल्या तरी मंत्र्याच्या मागे माईक घेऊन पळायला. त्याला गड बघणं म्हणत नाहीत.

या वेळी पोरीनं हट्ट धरला. नववीत आहे. शाळेत प्रकल्प दिलाय, परिसरातल्या वारशाबद्दल. मी म्हटलं, गुगलवर मिळेल. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही पत्रकार ना? मग घरात बसून कसं लिहायचं?" यावर काय बोलणार. आठवड्याच्या मधला दिवस मुद्दाम निवडला, रोपवे नको म्हटलं आणि सकाळी सातला चित्त दरवाजापासून चढायला लागलो. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या. चाळिशी उलटल्यावर त्यातली प्रत्येक मोजली जाते.

वर पोहोचायच्या आधीच पोस्टचा विषय सापडला. महादरवाजाच्या अलीकडे पोरगी थांबली. वही काढली. तटाकडे बघत विचारलं, "यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं?"

मी बघत राहिलो. काही ठिकाणी कळत होतं. दरजा ताज्या होत्या, दगडावर अजून शेवाळाचा डाग नव्हता. काही ठिकाणी मात्र खरंच कळेना. आणि मला हे चांगलं म्हणावं की वाईट, हेही कळेना. दुरुस्ती इतकी बेमालूम झाली की ओळखू येत नाही, म्हणजे काम चांगलं? की उद्या माझी नात येऊन नव्या दगडाला हात लावून "हा महाराजांच्या वेळचा" म्हणणार, म्हणजे काम फसवं?

या प्रश्नावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. रायगडासाठी 2017 साली 600 कोटींहून जास्त रकमेचा आराखडा मंजूर झाला, त्यावर आपण बोलतो. किती आले, किती गेले, कुणी खाल्ले, रस्ता कधी पुरा होणार, यावर तर रोज बोलतो. गेल्या वर्षी, म्हणजे 11 जुलै 2025 ला, रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा शिवाजी चौकात पेढे वाटले आणि मीही दोन खाल्ले. पण दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, यावर गावात एक चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला बोलायला मोकळा.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो होतो, नवानवा वार्ताहर होतो. आपल्याच भागातल्या एका लहान किल्ल्यावर एका मंडळीनं बुरुजाची डागडुजी केली. नाव घेत नाही, मनानं चांगली माणसं होती, पदरचे पैसे घातले होते. त्यांनी प्रेस नोट दिली, फोटो दिला, मी बातमी केली. "बुरुजाला नवसंजीवनी", असलं काहीतरी मथळ्यात होतं. चार कॉलम. फार खूश झालो होतो. दरजा सिमेंटनं भरल्या होत्या, हे फोटोत स्पष्ट दिसत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझं घरही सिमेंटचंच आहे.

तीनेक पावसाळ्यांनी परत गेलो तर सिमेंट ठिकठिकाणी सुटलं होतं. नुसतं सुटलं असतं तर ठीक. ते जाताना दगडाच्या कडांचे कपचे घेऊन गेलं होतं. तीनशे वर्षं उभा राहिलेला बुरुज दुरुस्तीनं आजारी पडला होता. त्याची बातमी मी केली नाही. लाज वाटली, दुसरं काय.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. पाचाडकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडे बसून थोडं शिकलो. आता ते काम करत नाहीत, गुडघे गेलेत. पण बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या गडांच्या भिंतीत दगड कडक आणि त्यांच्या मधला चुना मऊ असतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, उन्हाळ्यात ते पाणी बाहेर टाकते, आणि ते बाहेर पडतं चुन्याच्या दरजेतून. भिंत थोडी हलते, फुगते, आकसते, तो हेलकावा चुना सोसतो. चुना झिजला तर झिजू द्यायचा, दहा-वीस वर्षांनी परत भरायचा. झिजायचं काम चुन्याचं आहे. तुम्ही तिथं सिमेंट कोंबलंत की पाण्याची वाट बंद होते. पाणी मग दगडातून वाट काढतं, आतले क्षार दगडाच्या तोंडाशी आणतं आणि दगड सोलवटायला लागतो. महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथं पाण्याची वाट अडवून कुणाचं भलं झालंय? जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी बघितलेल्यांना हे मी काय सांगू.

गवंडी काकांना विचारलं होतं, चुन्याला इतका वेळ का लागतो? ते म्हणाले, "आवो, चुना म्हंजी बाळंतीन. घाई केली का बिघाडलं." चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची, ती मुरायला ठेवायची, मग घाणीत वाळू-सुरखीबरोबर मळायची. जुने लोक त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालायचे. लावल्यावर रोज ओलं ठेवायचं, गोणपाट झाकायचं. तो हवेतून हळूहळू घट्ट होतो. महिने लागतात.

आता यात सरकारी काम बसवून बघा. पाऊस आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. दिवाळीनंतर मजूर येतात. निविदा, कार्यादेश, पाहणी यात डिसेंबर जातो. सामान वर न्यायचं तर रोपवेनं किंवा माणसांच्या डोक्यावरून. जानेवारीत हात चालायला लागतो, तोवर मार्च एंड दारात उभा. बिल 31 मार्चच्या आत निघालं पाहिजे. चुन्याला मार्च एंड कळत नाही आणि खात्याला चुना कळत नाही, असं मी कितीतरी कामांवर बघितलंय. रायगडाचं नाव घेऊन मी हे म्हणत नाही, गडावर चुन्याचं काम झालेलं मी या वेळी डोळ्यांनी पाहिलं आणि बरं वाटलं. पण पैसे खर्च करायच्या पद्धतीतच घाई बसलेली असेल तर कधी ना कधी कुणीतरी घमेल्यात सिमेंट मिसळणारच. तो ठेकेदार वाईट असायला लागत नाही.

तर चढून गेलो. गंगासागराच्या काठावर दोन मनोरे बघितले, पालखी दरवाजातून आत गेलो, राण्यांच्या महालांची जोती बघितली. मग राजसभा. नगारखान्याच्या दारात पोरीला उभं केलं, मी सिंहासनाच्या जागेजवळ जाऊन हळू आवाजात तिचं नाव घेतलं. तिनं तिकडून हात वर केला. शिकवणीत सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा ही एक तिच्या लक्षात राहील. छप्पर नाही, भिंती नाहीत, तरी ती जागा काम करते. हे विसरू नका, पुढे यावर बोलायचंय.

जगदीश्वराकडे गेलो. देवळाच्या भिंतीतला शिलालेख सगळे बघतात, फोटो काढतात आणि हिरोजी इंदुलकरांच्या पायरीकडे वळतात. ती पायरी आहेच मन भरून येण्यासारखी. सेवेत तत्पर, एवढंच स्वतःबद्दल सांगून हा माणूस देवळाच्या पायरीवर नाव कोरून मोकळा झाला. आताचे कोनशिलावाले आठवले की हसू येतं. पण शिलालेख जरा थांबून समजून घ्या. संस्कृतात आहे, शके 1596 चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा. रायगडावर काय काय बांधलं याची त्यात यादी आहे. आणि ती यादी सुरू कशानं होते? विहिरी, बारवा, तळी यांपासून. मग बागा, रस्ते, स्तंभ, हत्तीशाळा. राजवाडे त्याच्या नंतर येतात.

श्लोक वृत्तात बसवायचा म्हणून तसा क्रम आला असेल, असं कुणी म्हणेल. असेलही. पण पुढच्या पिढीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे, तिथंही हाच विचार आहे. गड बांधायचा तर आधी पाणी बघायचं. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी-तळी बांधायची. गडावर झरा आहे म्हणून निवांत राहायचं नाही, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. म्हणजे यांच्या डोक्यात गड हा आधी पाणी साठवायची जागा होती.

आता हत्ती तलाव. आमच्या लहानपणी शाळेची सहल जायची तेव्हा तो तलाव म्हणजे मोठा कोरडा खड्डा. आम्ही त्यात उतरून खेळायचो. पावसाळा संपला की काही दिवसांत पाणी गायब. भिंतीतून गळायचं. ती गळती शोधून, बांधकामाच्या फटी भरून काम केलं आणि 2020 च्या पावसाळ्यात तलाव भरला. करोनाचे दिवस होते, कुणाला वर जाता येत नव्हतं, पण ते फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले होते. माझ्या मते रायगडाच्या या सगळ्या कामातलं सगळ्यात मोठं काम ते. त्याचा कुठं फ्लेक्स लागला नाही, कारण गळती थांबली हे फ्लेक्सवर कसं दाखवणार? दिसतं ते फक्त पाणी, आणि पाणी तर पावसाचंच.

त्या तलावाच्या काठावर डबा खाल्ला. शेजारी गडावरच राहणाऱ्या एक मावशी ताक विकत होत्या. दोन ग्लास घेतले. मी नेहमीच्या सवयीनं विचारपूस सुरू केली. पाण्याचं कसं? त्या म्हणाल्या, "आता हाय. शिमग्यानंतर बघा येऊन." गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली धनगर कुटुंबं आहेत. पर्यटक त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खातात, छान म्हणतात, फोटो काढतात आणि हात धुवायला तांब्याभर पाणी मागतात. तो तांब्या कुठून आला हे कुणी विचारत नाही. खाली पाचाडच्या पंचक्रोशीत, पलीकडे पोलादपूरकडे, एप्रिल-मे मध्ये टँकर फिरतात हे मी दरवर्षी लिहितो. दरवर्षी तोच मजकूर, तारीख तेवढी बदलायची. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर! डोंगरमाथ्यावर शेकड्यांनी माणसं, घोडे, हत्ती पोसायला पुरेल इतकं पाणी साडेतीनशे वर्षांपूर्वी साठवून दाखवलेल्या किल्ल्याच्या पायथ्याला हे चाललंय.

दुसरी बाजूही बघा. 2024 च्या जुलैमध्ये गडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला. पायऱ्यांवरून धबधबा वाहत होता आणि माणसं भिंतीला धरून उभी होती, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. पुढे बरेच दिवस पायरीमार्ग बंद ठेवावा लागला. देवाची कृपा, मोठं काही घडलं नाही. त्या दिवशीचा पाऊस अचाट होता, त्याला कुणाचा दोष म्हणून मी सांगत नाही. पण प्रश्न पडतोच. हिरोजींनी जेव्हा गड बांधला तेव्हा माथ्यावरचं पाणी कुठून कुठं न्यायचं, कुठं साठवायचं, उरलेलं कुठल्या कड्यावरून सोडायचं हे ठरवलेलं असणार. टाकी एकाखाली एक भरत जातात, हे कुठल्याही गडावर दिसतं. त्यातली किती टाकी आज गाळानं भरलीत? किती नाळी मातीखाली आहेत? ज्या वाटेनं पाणी जायला हवं ती बुजली असेल तर ते माणसांच्या वाटेनं येणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गडाच्या पैशातला पहिला रुपया पाण्याला. टाकी उपसा, गळती शोधा, नाळी मोकळ्या करा, चुन्यात करा, वेळ घेऊन करा. दुसरा रुपया जे उभं आहे ते पडू नये म्हणून. तट, बुरुज, दरवाजे, पायऱ्या. आणि हे दोन्ही संपेपर्यंत तिसऱ्या रुपयाचं नाव काढू नका.

तिसरा रुपया कुठला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दर जूनमध्ये मागणी निघते: राजवाडा परत बांधा, राजसभा होती तशी उभी करा. माझे निम्मे मित्र या मागणीच्या बाजूचे आहेत. आता ते मला फोन करतील. करा. पण आधी पुढचं वाचा.

भावना मलाही कळते. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या, गडावर मारा केला, आग लागली आणि लाकडी वाडे जळून गेले. दगडाची जोती राहिली. ती जोती बघताना पोटात तुटतं. वाटतं, ज्यानं जाळलं त्याला उत्तर म्हणून तरी बांधावं. पण बांधायचं काय? खाली जोतं आहे, त्यावर किती मजले होते? खांब कसे होते? नक्षी कुठली? छपराचा उतार किती? राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकिलानं, हेन्री ऑक्झिंडेननं, लिहून ठेवलेलं आहे, सभासदाची बखर आहे. उत्खननात कौलांचे तुकडे निघाले, खिळे निघाले, 2021 मध्ये सोन्याची एक बांगडीसुद्धा निघाली. यातून घराचा अंदाज येतो, घर उभं राहत नाही. समोर ठेवून बांधावं असं त्या वाड्याचं चित्र किंवा आराखडा कुणाकडे नाही. मग जे बांधलं जाईल ते कुणाच्या मनातलं असेल? सिनेमाच्या सेटवाल्याच्या. आपल्याला कर्जतच्या स्टुडिओतले दरबार बघून बघून तेच खरे वाटायला लागलेत, ही वेगळीच गंमत.

वास्तुजतनाच्या जगात यावर भांडून झालेलं आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट सांगितलंय की जिथं अंदाज सुरू होतो तिथं दुरुस्ती थांबवायची, आणि जे नवं घालाल ते नवं म्हणून ओळखू यावं. माझ्या पोरीचा महादरवाजातला प्रश्न तोच होता की. आणि त्याचं उत्तरही यातच आहे. जवळून बघणाऱ्याला नवा दगड ओळखता आला पाहिजे, भले लांबून डोळ्यात खुपू नये.

जर्मनीत हायडेलबर्ग म्हणून गाव आहे. त्याच्या डोंगरावरचा किल्ला फ्रेंच फौजांनी 1689 मध्ये आणि परत 1693 मध्ये उद्ध्वस्त केला. त्याच 1689 मध्ये इकडे रायगड झुल्फिकारखानाच्या हातात गेला, म्हणून मला तो साल लक्षात राहिला. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथंही मागणी निघाली, सगळा महाल परत बांधू. एक भाग पुन्हा सजवलाही. मग गेऑर्ग डेहिओ नावाचा कलेतिहासकार उभा राहिला, म्हणाला जपा, नवा करू नका. भरपूर भांडण झालं. शेवटी मोठा भाग भग्नच ठेवला. आज जग तो भग्न महाल बघायला जातं.

उलट उदाहरण जास्त कामाचं आहे. जॉर्जिया देशात कुतैसी शहराच्या टेकडीवर बग्रातीचं अकराव्या शतकातलं चर्च. 1692 मध्ये तुर्कांनी सुरुंग लावून उडवलं, छप्पर नाही, भिंती उभ्या, असं तीनशे वर्षं राहिलं. 1994 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. पुढे तिथल्या सरकारला वाटलं, राष्ट्राची अस्मिता आहे, परत उभं करू. नवं काँक्रीट, पोलाद, काच, सगळं घालून 2012 मध्ये देखणं चर्च तयार. युनेस्को आधीपासून नको नको म्हणत होती. 2017 मध्ये बग्रातीला यादीतून काढून टाकलं. आपण पेढे खाल्ले ना जुलैमध्ये? ते पचवायचे असतील तर बग्राती लक्षात ठेवा.

आता मला माहीत आहे, खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार, "तुम्हाला महाराजांचा वाडा नको आहे." मला हवाय. ज्याला वाडा कसा असेल हे दाखवायचं आहे त्यानं पाचाडला, गडाच्या खाली, मोठी प्रतिकृती करावी, आत पडदे लावावेत, पोरांना मोबाईलवर राजसभा उभी राहिलेली दाखवावी. अंदाज आहे असं पाटीवर लिहून हवं ते करा. (तिथंही जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष आहेत, संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, ते बघून जागा शोधा. आणि जागेसाठी डोंगर कापू नका. तळीये आपल्याच तालुक्यात आहे, मी त्या दिवशी तिथं होतो, अजून झोपेत दिसतं.) पण वरच्या जोत्यावर काँक्रीटचा स्लॅब पडला की खालचं कायमचं गाडलं जातं. ज्या राजसभेत मी हळू बोललो आणि पोरीनं हात वर केला, तिथं छप्पर घातल्यावर तो आवाज तसाच जाईल याची हमी कोण देणार?

गडकोटांवर श्रमदान करणाऱ्या पोरांबद्दलही बोलायला हवं, कारण ती पोस्ट वाचणार. रविवारी झोप टाकून टाक्यातला गाळ डोक्यावरून काढणारी ही पोरं मला देवासारखी आहेत. लोकवर्गणीतून कितीतरी गडांना सागवानी दरवाजे बसले. दरवाजा मला चालतो, उद्या चुकीचा वाटला तर काढता येतो, खालच्या दगडाला धक्का लागत नाही. पण परवानगी न घेता दरजा भरणं, बुरुज "सरळ करणं", तोफेला ऑईल पेंट मारणं, भगवा रंग थेट दगडावर लावणं, हे बंद करा. गाळ काढतानाही एक गोष्ट सांभाळा. गाळात काय निघालं ते कुठल्या थरात निघालं याची नोंद लागते. आपण फावड्यानं इतिहास उपसतो आणि दरीत टाकतो, असं नको व्हायला.

आणि रोषणाई. 2021 च्या शिवजयंतीला गडावर रंगीबेरंगी दिवे लावले होते आणि त्यावरून चांगलाच वाद झाला. तेव्हा बहुतेक लोक रंगांवर चिडले होते. मला वाटतं मुद्दा दिव्यांचा नव्हताच. गडावर काय दिसावं हे कोण ठरवणार, हा होता. ते अजून ठरलेलं नाही.

उतरताना पोरीनं मावशींकडून पुन्हा ताक घेतलं आणि मुद्दाम विचारलं, "पाणी कुठून आणता?" मावशींनी तिला हातानं जागा दाखवली. तिनं वहीत नकाशा काढला. तळं, टाकं, मावशींचं घर, वाट. प्रकल्पात तोच लावणार आहे म्हणते. बाईंना आवडेल की नाही माहीत नाही, त्यांना बहुतेक राजवाड्याचं चित्र अपेक्षित असणार.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. तुमच्या घरी जुने अल्बम असतील. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या शाळेच्या सहली, लग्नानंतरची पहिली गडवारी, मामाचा काळा-पांढरा फोटो, मागे तट नाहीतर तलाव. माणसं कोण आहेत याला महत्त्व नाही, मागचा दगड महत्त्वाचा. कुठली भिंत तेव्हा किती उंच होती, कुठल्या टाक्यात कुठल्या महिन्यात पाणी होतं, हे त्या फोटोतून कळतं. कोरा मूळ फोटो कुणाला देऊ नका. मोबाईलवर स्कॅन करून, साल आणि महिना आठवत असेल तर लिहून, मला मेसेज करा. हत्ती तलावाचे कोरडे फोटो असतील तर आधी ते पाठवा. माझ्याकडे आतापर्यंत तीन जमलेत. एकात मी आहे, चौथीतला, तलावाच्या तळाशी उभा.